पालर पाण्यातली लेकुरवाळी

मे महिन्यात जयपुरात दिवे गेले की आमच्या घरात पहिली हाक माझ्या नावाने येते, आणि ती माझ्या काळजीपोटी येते असं कुणी समजू नये. "आजोबा, मासे!" असं नातू वरच्या मजल्यावरून ओरडतो. मग मी चाचपडत कोनाड्यातला कंदील काढतो (बॅटरीवरचा आहे, पण आमच्याकडे त्याला कंदीलच म्हणतात), तो काचेच्या टाकीशेजारी स्टुलावर ठेवतो, आणि हवेचा पंप बंद पडलेला म्हणून वाटीने पाणी उचलून वरून धार सोडत बसतो, तेवढीच पाण्यात हवा मिसळते. मी एकदा तिथे बसलो की नातवंडं आपोआप गोळा होतात, शेजारचे ऐंशीच्या घरातले बाऊजी आपला मुढा ओढत येतात, आणि कुणीतरी म्हणतं, "हं, त्या पिवळीची गोष्ट सांगा." बाऊजींना माझं मराठी निम्मंच कळतं आणि मला त्यांची ढूंढाडी तेवढीही कळत नाही, पण माशांच्या गोष्टीला तेवढं पुरतं.

तर ही पिवळी म्हणजे माझ्या अंगठ्याएवढी मासळी. दुकानदाराने पिशवीत घालून देताना तिला "चिचलिड" म्हटलं, मीही महिनाभर चिचलिडच म्हणत होतो, मग थोरल्या नातीने पुस्तक उघडून दाखवलं की उच्चार सिक्लिड आहे आणि ही त्यांच्यातली बुटकी जात. आडनाव अ‍ॅपिस्टोग्रामा, नाव अगासिझी. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते ना, जिच्यातून त्याला पाण्यातली थरथर कळते, ती या जमातीत धड नसते, कुठे आहे, कुठे तुटलेली. म्हणून ग्रीक भाषेत "भरवशाची नसलेली रेघ" असं काहीसं नाव पडलं. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने नाव ठेवता ठेवता नावंही ठेवून घेतली. आणि अगासिझ हे लुई अगासिझ नावाच्या मोठ्या पंडिताचं नाव, जो १८६५ साली शिष्यांचा तांडा घेऊन ॲमेझॉनवर मासे गोळा करायला गेला होता. गंमत अशी की हा गृहस्थ डार्विनचा कट्टर विरोधक. एका जातीतून दुसरी जात होते हे त्याला मरेपर्यंत पटलं नाही, आणि त्याचं नाव चिकटलं कुठे, तर एका मुळातून शेकडो जाती फुटलेल्या या सिक्लिडांच्या खटल्यात.

खटलं म्हणतो कारण हे घराणं फार मोठं आहे आणि तुम्ही त्यातल्या कुणाला ना कुणाला ताटात भेटलेला आहात. उजनी धरणाकडची माणसं चिलापी खातात ती याच कुळातली, मूळची आफ्रिकेची, १९५२ साली आपल्या देशात आणली आणि मग काही केल्या जाईना. तिची आई अंडी तोंडात धरते, पिल्लंही तोंडातच सांभाळते, आणि तेवढे दिवस बिचारी जवळजवळ उपाशी असते. आमच्या तेरेखोलच्या खाडीत कालुंदर मिळते, तीही यांचीच भाऊबंद, पण ती आपली इथलीच. केरळात तिला करीमीन म्हणतात आणि २०१० साली त्यांनी तिला राज्याचा मासा केलं. ब्लॉख नावाच्या जर्मन पंडिताने १७९० साली तिला सुरतेचं नाव देऊन ठेवलं, खाडीतल्या आमच्या मासळीला सुरतेशी काय देणंघेणं ते त्यालाच ठाऊक. लहानपणी ओहोटीला मी गुडघाभर पाण्यात उभा राहून बघायचो, कालुंदरीचं जोडपं चिखलात खळगे करून पिल्लांभोवती घिरट्या घालतंय, जवळ पाय नेला तर नवरा सरळ पायावर चालून यायचा. आई म्हणायची, "लेकुरवाळी धरू नये रे." बाकीच्या दिवशी मात्र रवा लावून तळायची.

या कालुंदरीची एक धाकटी चुलत बहीण आहे, नारिंगी, चारेक बोटांची, केरळ-कर्नाटकात आणि श्रीलंकेत असते. तिची पिल्लं आईबापांच्या अंगाला येऊन हलकेच चोच मारल्यासारखं करतात आणि लांब होतात, परत येतात, परत मारतात. माणसांना वाटलं खेळतायत. १९६७ साली वॉर्ड आणि बार्लो या दोघांनी नीट अभ्यास करून लिहिलं, की पिल्लं आईबापांच्या कातडीवरचा बुळबुळीत थर खातात. अंगावरचं दूधच म्हणा ना, आणि तेही बापालासुद्धा येणारं! आणि या दोघी बहिणींचे सगळ्यात जवळचे सोयरे कुठे सापडतात, तर मादागास्करात. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले त्याला पावणेनऊ कोटी वर्षं झाली. मासे तेव्हापासून दोन्हीकडे वाटले गेले, की मागाहून समुद्र ओलांडून गेले, यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. घराणं जुनं असलं की वाटणीची भांडणंही जुनीच असायची.

हां, पिवळी. वाट सोडून गेलो.

पाच वर्षांपूर्वी मुलाच्या नोकरीपायी आम्ही या शहरात आलो. खाडीकाठच्या माणसाला वाळवंटाच्या उंबऱ्यावर आणून बसवल्यावर त्याने दुसरं काय करायचं, मी टाकी आणली. मासे काचेत राहतात हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मुंबईत तारापोरवाला मत्स्यालयात; ते १९५१ साली उघडलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी मामाने मला बोट धरून नेलं होतं. ती काच डोक्यात कुठेतरी राहिली असावी. टाकीत आठवडा-दोन आठवडे नुसतं पाणी घालून ठेवलं, आणि ओळखीच्या एका हौशी पोराच्या चालू टाकीतला मळका स्पंज आणून आमच्या फिल्टरात कोंबला. बायको म्हणाली, दुसऱ्याची घाण कशाला आणता. अगं, ते विरजण आहे! माशांच्या मुताशेणाचा अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू त्या मळक्या स्पंजात असतात. स्वच्छ नव्या टाकीत मासा सोडणं म्हणजे विरजणाशिवाय दूध ठेवून दह्याची वाट बघणं, दूध नासतं, मासा मरतो.

मग एक नर आणि दोन माद्या आणल्या. नर चांगला तीन-सव्वातीन इंच, शेपटी खाली भाल्यासारखी निमुळती, अंगावर निळी-नारिंगी झाक. माद्या त्याच्या निम्म्या आणि रंगाने अगदी साध्या. हा नवरा एका बायकोचा नसतो, रानातही दोन-तीन बिऱ्हाडं करून असतो, प्रत्येकीची आपली वेगळी हद्द आणि हा त्या सगळ्यांवरून फेऱ्या मारणारा. मी नारळाच्या दोन करवंट्या आणल्या, प्रत्येकीला बोटभर दार पाडलं, आणि टाकीच्या दोन टोकांना पालथ्या ठेवल्या. वाळवंटात करवंटी मिळवायला देवळापाशी नारळवाल्याकडे उभं राहावं लागलं, आणि तो मला बराच वेळ विचारत होता की आतलं खोबरं नको का.

अंडी घातली. एक मादी उलटी होऊन, पोट वर, करवंटीच्या छताला अंडी चिकटवत गेली, खसखशीच्या दाण्यांसारखी, शंभराच्या आत-बाहेर. आम्ही सगळे आनंदात. तिसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली, त्यांवर कापसासारखी बुरशी आली, आणि तिने ती स्वतःच खाऊन टाकली. महिन्याने परत तेच. परत तेच. चौथ्या वेळी बायकोने दृष्ट काढायची तयारी केली होती.

दोष दृष्टीचा नव्हता, पाण्याचा होता. जयपूरला एके काळी रामगढचं तळं पाणी पाजायचं. एवढं भरलेलं तळं की १९८२ च्या आशियाई खेळांची नौकानयनाची शर्यत तिथे झाली होती. पुढे ते आटलं, आणि आता पाणी येतं टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूर धरणातून, बनास नदीचं, शंभरावर किलोमीटर लांबून. त्यातही आमच्या गल्लीत नळ कमी आणि बोअर जास्त. बोअरचं पाणी म्हणजे उकळलं की पातेल्याला चुन्याची पुटं, अंघोळीला साबण फेसच देत नाही, डाळ शिजायला तास. इकडे पिवळीचं माहेर आहे ॲमेझॉनचं खोरं, आणि त्या खोऱ्यात रिओ नेग्रो नावाची नदी आहे, नावाचा अर्थच काळी नदी. जंगलातली पानं कुजून तिचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस-काळं झालेलं, आणि चव घेतली तर आंबट म्हणावं इतकं आम्लधर्मी. पण त्यात क्षार म्हणाल तर जवळजवळ नाहीतच, पावसाच्या पाण्यासारखं. आता अशा पाण्यात राहणाऱ्यांच्या अंड्यांना आमचं चुनखडीचं पाणी दिलं तर काय होणार? मासा मोठा झाला की जड पाण्यातही तग धरतो, हसतखेळत राहतो, पण अंड्याला ते सोसत नाही. माणसाचंही परगावी असंच असतं, आपण रुळतो, बी रुजवायला मात्र माती घरची लागते. असो.

मी हे सगळं बाऊजींपुढे रडगाणं गायलो. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, "पालर पाणी ल्यो." मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की राजस्थानात पाणी एक नसतं. आभाळातून पडलेलं आणि अजून जमिनीत न मुरलेलं ते पालर. विहिरीच्या तळातलं ते पाताळपाणी. आणि या दोहोंमधलं, वाळूत अडकून राहिलेलं रेजाणी. पुढे मी अनुपम मिश्रांच्या पुस्तकात हेच वाचलं आणि बाऊजींबद्दलचा आदर दुप्पट झाला. जुन्या हवेल्यांत गच्चीचं पालर टाक्यात साठवून वर्षभर पीत. जयगढ किल्ल्यावर डोंगराचं पाणी चर काढून आणलेलं आहे, तिथल्या मोठ्या टाक्यात साठ लाख गॅलन मावतं म्हणतात. आणीबाणीत सरकारने त्या किल्ल्यावर महिनोन्‌महिने खोदून खजिना शोधला, हे इकडच्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ असतं. बाऊजी तो किस्सा सांगताना डोळे मिचकावून टाक्याकडे बोट करतात, मग पुढचं बोलतच नाहीत.

मग आम्ही आषाढाची वाट बघितली. आधी गच्ची घासून धुतली, कारण ते इथलं शास्त्रच आहे. पहिल्या दोन सरी वाहू दिल्या, धूळ जाऊ दिली, आणि तिसऱ्या सरीला घरातली झाडून सगळी पिंपं, बादल्या, पिठाचा एक डबासुद्धा पागोळीखाली लागला. आरओवाला पोरगा पाण्यातले क्षार मोजायचं ते पेनाएवढं यंत्र विसरून गेला होता, ते बोअरच्या पाण्यात नऊशेच्या वर दाखवायचं. पालर पाण्यात बुडवलं तर वीस! नातू म्हणाला, यंत्र बिघडलं. नाही रे राजा, वाळवंटाच्या कडेला ॲमेझॉन पडला. त्यात देशी बदामाची वाळलेली पानं टाकली, ती मी सुट्टीत वेंगुर्ल्याहून पोतंभर आणली होती, रेल्वेत टीसीने विचारलं तेव्हा औषध आहे म्हणून सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. पानांतलं टॅनिन उतरून पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि बुरशीला थोडा आळा बसतो. एकदम बदललं तर मासे दगावतात, म्हणून रोज तांब्या-दोन तांबे, असं तीन आठवडे चाललं.

श्रावणात पिवळी पिवळी झाली. तोवर ती राखाडीच होती, हे सांगायचं राहिलं. अंडी घातल्यावर या मादीचा रंगच पालटतो, हळदीच्या कार्यातल्या नवरीसारखी धमक पिवळी, आणि त्यावर काळेभोर ठिपके-पट्टे, जणू कुणी काजळाने ओढलेत. आणि रंगाबरोबर स्वभावही पालटतो. जो नवरा तिच्या दुप्पट, त्याला तिने टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात असा पिटाळला की शेवटी मला त्याला जाळीने काढून दुसऱ्या डब्यात ठेवावा लागला, नाहीतर जिवानिशी गेला असता. मोठ्या पाण्यात तो बाहेरची हद्द राखतो म्हणे. आमच्या दोन फुटांत त्याला राखायला बाहेर शिल्लकच नव्हतं. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली, तिने ती वळवळणारी पिल्लं तोंडात घेऊन वाळूत खणलेल्या खळग्यात नेली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खळग्यात, बोका मागे लागलेल्या मांजरीसारखी घरं बदलत. आणि नवव्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसलो तर करवंटीच्या दारातून धुराचा लोट निघावा तशी पिल्लांची ढगुली बाहेर आली आणि तिच्या मागे ती.

आता खायला काय घालायचं? पिल्लाचं तोंड सुईच्या टोकाएवढं. त्याला लागते आर्टेमिया, मिठाच्या तळ्यात राहणारी कोळंबीची चिमुकली नातलग. तिची अंडी वाळून धुळीसारखी होतात, वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात, आणि खारट पाण्यात टाकली की दिवसभरात जिवंत होऊन नाचायला लागतात. मी रिकाम्या बाटलीत मिठाचं पाणी करून, खालून हवा सोडून ती उबवायचो. दिव्याखाली बाटली धरली की नारिंगी ठिपक्यांची झुंबड उजेडाकडे येते, तिथून नळीने ओढून घ्यायची. ही अंडी डब्यात येतात ती अमेरिकेतल्या युटा राज्याच्या खाऱ्या तळ्यातून, भाव विचारू नका. आणि गंमत बघा, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर सांभरचं मिठाचं तळं आहे, तिथे ही आर्टेमिया आहे हे १९५८ सालीच नोंदलं गेलंय. तिथे रोहित पक्षी येतात ते उगाच नव्हे. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हा असा, आणि कळसाही खाऱ्या पाण्याचा. मुलांना घेऊन मी सांभरला गेलोही होतो, पण तळं संरक्षित, बाटली भरायची माझी छाती झाली नाही. कचोऱ्या खाऊन परत आलो.

पण खरा चमत्कार त्या पुढचे तीन आठवडे होता. पिवळी पिल्लांशी बोलते. तोंडाने नव्हे, अंगाने. पोटाखालचे पर झटकन उघडमीट करते, अंगाला एक झटका देते, आणि त्या क्षणाला साठ-सत्तर पिल्लं दगड सोडावा तशी तळाला पडतात आणि हलायची थांबतात, वाळूत वाळू होतात. नातू मुद्दाम काचेवर बोट न्यायचा. बोट पोचायच्या आत टाकी रिकामी. बोट काढलं, थोडा वेळ गेला, तिने सावकाश पोहत दुसरी खूण केली, की ढगुली परत वर. शाळेतल्या बाईंना हे जमत नाही, असं नात म्हणाली, आणि तिची आई शाळेतच शिकवते, तेव्हा मी मध्ये पडलो नाही.

या मायेला वेडही लागतं. ज्यांनी आयुष्यभर हे मासे पाळले अशा जुन्या हौशी लोकांनी लिहून ठेवलंय, की पिल्लं गेलेल्या एखाद्या मादीच्या टाकीत खायला म्हणून पाणपिसवा सोडल्या, तर ती त्यांना न खाता त्यांच्या थव्याच्या पुढे पुढे चालू लागते, पर झटकून खुणा करते, त्या कशाला ऐकतायत! हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण दुसऱ्या मादीने आमच्या पिवळीची चार-पाच पिल्लं फूस लावून आपल्या करवंटीत नेलेली पाहिलीत, आणि त्यावरून दोन दिवस जी झोंबाझोंबी झाली ती बघायला बाऊजींची सून पोळ्या तव्यावर टाकून आली होती.

पिल्लं मोठी झाल्यावर अजून एक कोडं पडलं. श्रावणातल्या वेतात नरच नर निघाले, बघावं त्याची शेपटी भाल्यासारखी. पौषातल्या वेतात उलट, माद्याच जास्त. दोन जर्मन संशोधकांनी १९९६ साली हे छापलंय: या जमातीच्या तीसहून जास्त जातींत पाणी ऊन असेल तर पोरगे जास्त, थंड असेल तर पोरी जास्त, आणि हे ठरतं ते अंड्यात नव्हे, जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. सुसरी-मगरींत घरट्याच्या उबेवर असंच काही ठरतं. कोकणात वेळासला किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात ना, तिथे मात्र उलटा कारभार, वाळू तापली की माद्या. आता जयपूरचा श्रावण म्हणजे उकाडा, टाकीतलं पाणी तीसला टेकलेलं. आणि पौषात पारा पाच-सहावर येतो तेव्हा हीटर असूनही पाणी तेवीसच्या वर जाईना. वीज गेली की तर विचारू नका. एका रात्री सहा तास गेली, तेव्हा मी माझ्या अंगावरची जयपुरी रजई काढून टाकीला चहूबाजूंनी गुंडाळली. पाव किलो रुईची रजई, अंगठीतून जाईल अशी म्हणून विकतात, पण उबेला पक्की; सकाळी पाणी फक्त दोन अंशांनी उतरलं होतं आणि मला सर्दी झाली होती. बायकोने आल्याचा काढा दिला पण शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

हे बघा, बोलता बोलता अंधार दाट झाला. कंदील जरा खाली करा, आता बघायची वेळ आहे. उजेड उतरला की ती पिल्लं गोळा करायला लागते. जी जवळ आहेत ती तिच्यामागे सरळ करवंटीत जातात. जी लांब रमलीत त्यांना ती एकेक करून तोंडात उचलते, दाराशी नेते आणि फुंकर मारावी तशी आत सोडते. ते एक बघा, पानाखाली लपलंय, रोज तेच असतं बहुतेक. गेली त्याच्याकडे. उचललं. आता ती दारात आडवी होईल, पर हलवून आत पाणी खेळवत राहील... बाऊजी, मुढा थोडा मागे घ्या, तुमची सावली पडतेय.